सेव्ह करू नये, हुकुमावरून

आप्पासाहेब माझ्या क्लासला आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि मी एकोणचाळीसचा. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या आठ वर्षांचाही हात आहे. आपल्यापेक्षा मोठा माणूस समोरच्या बाकावर बसून "व्हय सर" म्हणतो, तेव्हा काही जणांना संकोच वाटतो. मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू?

उस्मानपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास आहे. नेटवर्किंग शिकवतो. म्हणजे कंपनीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि ती जोडणी बिघडली की दुरुस्त करायची. मालक पुण्यात असतात, इथे सुदर्शन सर म्हणजे मीच सगळं. सरावासाठी एक खोली आहे. तिच्यात लोखंडी रॅक, रॅकवर एक मोठा स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली जिथे येऊन जुळतात तो डबा, दोन छोटे, आणि सर्व्हर म्हणून एक जुना कॉम्प्युटर. भिंतीला लागून तीन टेबलं, त्यांवर कागद चिकटवलेले: ऑफिस, स्टोअर, शॉप फ्लोअर. एका खोलीत मावणारा खोटा कारखाना.

या कारखान्यात मी रोज एखादा बिघाड पेरायचो आणि विद्यार्थ्यांनी तो शोधायचा. माझा आवडता बिघाड पत्त्यांचा. नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी हाक मारतो, मला पत्ता द्या. सर्व्हर ती हाक ऐकून एखादा मोकळा पत्ता देतो. याला डीएचसीपी म्हणतात. पण एकाच स्विचवर ऑफिस, स्टोअर, शॉप फ्लोअर असे वेगळे भाग पाडले, म्हणजे व्हीलॅन केले, की मध्ये भिंत उभी राहते आणि हाक पलीकडे जात नाही. सर्व्हर बसलाय ऑफिसात आणि हाका मारतोय स्टोअरमधला कॉम्प्युटर. ऐकणार कोण? म्हणून मोठ्या स्विचला सांगून ठेवावं लागतं, की या भागातली हाक अमुक नंबरच्या सर्व्हरपर्यंत पोचव. ते सांगायचं राहिलं किंवा नंबर चुकला, की कॉम्प्युटर थोडा वेळ ओरडतो आणि मग स्वतःच स्वतःला १६९ने सुरू होणारा एक निरुपयोगी पत्ता लावून गप्प बसतो. स्क्रीनवर १६९ दिसलं की समजायचं, याची हाक कुणी ऐकलेली नाही.

दिवसाला चार बॅच आणि रॅक एकच. एका बॅचने बिघाड दुरुस्त करून सेव्ह केलं, तर पुढच्या बॅचसाठी मला पुन्हा बसून तो पेरावा लागणार. याचा मला कंटाळा. म्हणून मी नियम केला होता: दुरुस्त करा, मला दाखवा, पण सेव्ह करायचं नाही. सेव्ह केलं नाही की स्विचच्या डोक्यात ते लाइट असेपर्यंतच राहतं. बॅच संपली की रॅकचं मेन बटण बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, की बिघाड जसाच्या तसा हजर. खऱ्या साइटवर बरोबर उलटं असतं. तिथे काम झालं की सगळ्यात आधी सेव्ह करायचं, नाहीतर लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात. हे मी शिकवायचो का? शिकवायचो, एकदा, ओघात, पुस्तकात आहे म्हणून.

आप्पासाहेबांनी चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीन चालवलं होतं. तिथला एक अख्खा विभाग बंद झाला आणि चाळीस माणसं घरी बसली, त्यात हे. नंतर त्यांना कुणीतरी सांगितलं, की त्या कारखान्याचं नेटवर्क एक बाहेरची कंपनी सांभाळते आणि ती कंपनी दरवर्षी आमच्या क्लासमधून एक माणूस घेते. बस्स, तेवढं ऐकून ते आले.

"मला त्याच गेटातनं आत जायचंय सर," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "दुसरीकडं कुठं मिळालं तरी नको. त्या गेटवर माझं कार्ड काढून घेतलं व्हतं. समद्यांसमोर."

"आणि तुम्ही कॉम्प्युटर शिकून परत जाणार," मी म्हणालो. बॅच हसली. ते पण हसले.

मी त्यांच्यावर डूख धरला तो दुसऱ्या आठवड्यात. मी रॅकजवळ उभा राहून शिकवत होतो आणि रॅकला हात लागला की मला बारीक झटका बसत होता. मी मुलांना सांगितलं, ही स्टॅटिक वीज, कोरड्या हवेमुळे होतं. आप्पासाहेब उठले, खिशातून टेस्टर काढला, रॅकला लावला. टेस्टर पेटला.

"हवा नाय सर, अर्थिंग नाय तुमच्याकडं," ते म्हणाले. "कुणीतरी चिकटंल एखांद्या दिवशी."

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वायर आणून अर्थिंग करून दिलं. पण त्या क्षणी वीस पोरं फिदीफिदी हसली, आणि ती त्यांना नाही, मला हसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आभार मानायचे सोडून मी त्यांना म्हणालो, "आप्पासाहेब, इथे वायरमनचा कोर्स नाही."

मग मी त्यांच्या मागेच लागलो. एका बुधवारी त्यांना पत्त्यांचा बिघाड दिला आणि स्विचमध्ये काही म्हणजे काही बिघडवलं नाही. फक्त सर्व्हरची केबल अर्धी उपसून ठेवली, बाहेरून लागलेली दिसेल अशी. दोन तास ते स्विचच्या सेटिंगची एकेक ओळ वाचत बसले. जेवायची सुट्टी झाली, ते उठले नाहीत. पोरांना मी डोळ्याने खुणावलं होतं, त्यामुळे सगळे मागे उभे राहून बघत होते आणि तोंडं दाबून हसत होते. शेवटी आप्पासाहेबांनी प्रत्येक केबल बोटाने दाबून बघितली, आणि एक टक् करून बसली.

"केबल ढिली व्हती सर," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते प्रत्येक कामाची सुरुवात केबली दाबून करायला लागले. मी त्यांना छळायचो आणि त्यातूनही हा माणूस शिकायचा. याचा मला आणखीच राग यायचा.

बोर्डाचा प्रकार त्याच महिन्यातला. एकदा आप्पासाहेबांनी दुरुस्ती झाल्यावर सेव्ह केलं. बावीस वर्षांची सवय होती. कारखान्यात पाळी संपली की मशीनचं सेटिंग लिहून, कुलूपबंद करून घरी जायचं. पुढच्या बॅचला बिघाड सापडेना, कारण बिघाड उरलाच नव्हता. मी आप्पासाहेबांना घरून बोलावून घेतलं. ते चिकलठाण्याहून धापा टाकत आले, आणि मी दोन बॅचच्या पोरांसमोर त्यांना उभं केलं.

"नियम काय आहे?"

"सेव्ह करायचं नाय सर."

"मग केलं का?"

"चुकलं सर."

"कारखान्यात चुकल्यावर काय करतात?"

ते जरा विचार करून म्हणाले, "बोर्ड लावत्यात सर. परत कुणाचं चुकू नये म्हणून."

"मग लावा."

मी गंमत म्हणून बोललो होतो. ते मनावर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा बोर्ड घेऊन आले. पांढरा रंग, त्यावर लाल अक्षरं, एकसारखी, फूटपट्टीने आखलेली: सेव्ह करू नये. हुकुमावरून. रॅकच्या वर भिंतीत चार स्क्रूंनी बसवला, स्क्रूखाली वॉशर लावून. त्यानंतर त्यांच्या हातून ती चूक परत कधी झाली नाही. बाकीच्यांच्या होत राहिल्या. अपेक्षा नावाची एक मुलगी होती, बावीस वर्षांची, तिला मी निदान पाच वेळा ओरडलो असेन. या कानाने ऐकायची, त्या कानाने सोडून द्यायची. तिला मी बोर्ड लिहायला लावला नाही.

निवडीची परीक्षा गेल्या मार्चमध्ये झाली, एका शनिवारी सकाळी. कंपनीकडून यास्मिन मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पस्तिशीच्या, बोलणं मोजकं. आदल्या संध्याकाळी मी मालकांच्या सांगण्यावरून 'हार्दिक स्वागत' असा फ्लेक्स करून आणला होता आणि मुद्दाम रॅकच्या वर, त्या बोर्डावरच टांगला होता. कंपनीच्या माणसाने तो बोर्ड वाचला असता तर आमची शोभा झाली असती. म्हणजे काय बरोबर आणि काय चूक हे मला चांगलं कळत होतं.

चार उमेदवार होते. मॅडमनी स्वतः बिघाड पेरले, ते सेव्ह केले आणि एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. बाकीच्यांनी खाली चहाच्या टपरीवर थांबायचं. परीक्षा झालेल्याने जिन्यात कुणाशी न बोलता घरी जायचं. मी यजमान म्हणून खोलीत होतो.

पहिल्या दोघांना पूर्ण तास पुरला नाही. तिसरी अपेक्षा. तिने चाळीस मिनिटांत तिन्ही टेबलांवरच्या कॉम्प्युटरना पत्ते मिळवून दिले, दोनदा चुकून, एकदा स्वतःशीच हसून. आणि सवयीप्रमाणे, माझ्याकडे न बघता, सेव्ह करून टाकलं. मग मॅडम उठल्या, रॅकचं मेन बटण बंद केलं, दहा मोजले आणि पुन्हा चालू केलं.

"साइटवर लाइट जातेच," त्या मला म्हणाल्या. "दुरुस्ती टिकली पाहिजे. मी सगळ्यांचं असंच बघते."

त्यांनी तिन्ही कॉम्प्युटरचे जुने पत्ते काढून टाकून नवे मागितले. तिन्हींना मिळाले. अपेक्षाच्या नावापुढे त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढच्या उमेदवारासाठी तेच बिघाड पुन्हा पेरून सेव्ह केले.

ते बघताना माझी नजर फ्लेक्सकडे गेली. चौथे आप्पासाहेब होते. खाली जाऊन त्यांना बोलावून आणायचं काम माझंच होतं. दोन जिने, एक वाक्य. आज नियम नाही, एवढंच म्हणायचं होतं. नियम माझाच होता. तो मागे घ्यायला परीक्षेतलं काही फोडावं लागत नव्हतं.

खाली आप्पासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हातात बायकोने दिलेला स्टीलचा डबा.

"आशाबाईनं धपाटे दिलेत सर, तुमच्यासाठी. म्हणली, निकाल काय बी लागू दे, सरांना द्यायचेच."

"आधी वर चला," मी म्हणालो. जिन्यात मी पुढे आणि ते मागे. मी काही बोललो नाही.

त्यांनी आधी केबली दाबून बघितल्या, मग वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येक कॉम्प्युटरला कोणता पत्ता आहे ते लिहिलं. ऑफिसचा बरोबर, स्टोअर १६९, शॉप फ्लोअर १६९. मग ते स्विचच्या सेटिंगकडे वळले. स्टोअरची हाक ज्या नंबरला पाठवली जात होती, त्या नंबरचा सर्व्हरच नव्हता. तो नंबर त्यांनी सुधारला. शॉप फ्लोअरची हाक तर मोठ्या स्विचपर्यंतच येत नव्हती, कारण दोन स्विचमधल्या जोडणीवर त्या व्हीलॅनला परवानगीच नव्हती. ती दिली. सव्वीस मिनिटं लागली. एकही आज्ञा त्यांना खोडावी लागली नाही. मी नऊ वर्षं शिकवतोय, मला स्वतःला यापेक्षा चांगलं जमलं असतं असं मी म्हणणार नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. आप्पासाहेबांनी वर फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, बोर्ड झाकलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हंजी आज सेव्ह करू का?"

त्यांची बोटं कीबोर्डवर होती. मला नुसती मान हलवायची होती. मी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, त्या नीट आखलेल्या वहीकडे बघितलं, आणि मला तो पेटलेला टेस्टर आठवला, ती वीस पोरं आठवली.

"झाकलाय," मी म्हणालो. "काढलेला नाही."

"म्हंजी नाय करायचं."

"तुम्हीच लिहिलाय ना? मग मला काय विचारता?"

"व्हय सर." त्यांनी हात मांडीवर घेतले.

मॅडम आत आल्या, वही बघितली, तिन्ही पत्ते बघितले. "क्या बात है काका," त्या म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदाच कुणाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघालं होतं. मग त्यांनी मेन बटण बंद केलं आणि दहा मोजायला सुरुवात केली.

आप्पासाहेबांचा चेहरा मी नीट बघत होतो. तीन मोजेपर्यंत त्यांना काही कळलं नाही. चारला कळलं. कारखान्यातला माणूस, बटण बंद झाल्यावर काय जातं आणि काय राहतं हे त्याला समजावून द्यावं लागत नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. मला त्या वेळी बरं वाटलं. दहा मोजून होईपर्यंत ते बरं वाटणं गेलं, पण वाटलं होतं हे खरं.

स्टोअर, १६९. शॉप फ्लोअर, १६९.

"काका, सेव्ह नाही केलं?" मॅडमना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

आप्पासाहेबांनी फ्लेक्सकडे एक बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. कोपरा उचलला असता, तर लाल अक्षरं बाहेर आली असती. पण पाहुण्यासमोर आपल्या वरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हेही ते त्याच कारखान्यात शिकले होते.

"ऱ्हाऊन गेलं मॅडम," ते म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही शिकवत नाही का हे?"

"सांगून सांगून घसा बसला मॅडम," मी म्हणालो.

मॅडमनी कागदपत्रं आवरली, अपेक्षाला सोमवारी पाठवा म्हणाल्या आणि गेल्या. आप्पासाहेब मागे थांबले. वहीतलं ते पान फाडावं की ठेवावं असं त्यांचं चाललं होतं. शेवटी वही मिटून पिशवीत ठेवली.

"सर, एक इचारू? मॅडम बटण बंद करणार, हे तुमाला आधी म्हाईत व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मला बी तसंच वाटलं. म्हाईत असतं तर तुमी सांगितलंच असतं." ते जरा मोकळे झाल्यासारखे दिसले. "म्हंजी चूक माझीच. इचारायचं नव्हतं, आपलं आपण करायचं व्हतं. माझ्यामुळं तुमाला ऐकून घ्यावं लागलं सर. माफ करा."

मी म्हणालो, "होतं असं."

त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. मग नियमाप्रमाणे रॅकचं बटण बंद केलं, चालू केलं, खुर्च्या आत सरकवल्या आणि गेले. खिडकीतून मला दिसलं, ते रस्ता ओलांडून चिकलठाण्याकडे जाणाऱ्या रिक्षांपाशी उभे राहिले आणि दोन रिक्षा समोरून गेल्या तरी बसले नाहीत.

मला भूक लागली होती. मी डबा उघडला. धपाटे अजून कोमट होते, वर लसणाची चटणी आणि वाटीत दही. दुसरा खात होतो तेव्हा फोन वाजला. यास्मिन मॅडम.

"सर, ते काका डोक्यातून जात नाहीयेत," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ काम मी वर्षात बघितलं नाही. आमच्याकडे आणखी एक जागा निघतेय, त्यांच्या जुन्या कारखान्यातच. फॉर्मवर वाचलं मी, बावीस वर्षं होते म्हणे तिथे. सेव्हचं काय, ते एका दिवसात शिकवू आम्ही. तुम्ही सहा महिने ओळखता त्यांना. घेऊ का?"

माझ्या बोटांना तेल लागलं होतं. मी फ्लेक्सकडे बघत होतो. ते तिथे गेले, की महिन्याभरात कधीतरी चहा पिताना मॅडम विचारणार, काका, त्या दिवशी सेव्ह कसं काय विसरलात? आणि ते स्वतःहून बोलणार नाहीत, पण मॅडमनी दोनदा विचारलं तर खोटंही बोलणार नाहीत.

"काम चांगलं आहे त्यांचं," मी म्हणालो. "पण मॅडम, वय झालंय. आज सांगितलं की उद्या डोक्यात राहत नाही. तुम्ही बघितलंच."

"हां, ते बघितलं मी," त्या म्हणाल्या. "ठीक आहे सर. थँक्यू, स्पष्ट सांगितलंत."

मी फोन ठेवला. डब्यात एक धपाटा उरला होता, तोही खाल्ला. चटणी झणझणीत होती, छान झाली होती.

सोमवारी मी फ्लेक्स काढला आणि बोर्डही काढायला गेलो. स्क्रू हलले नाहीत. आप्पासाहेबांनी ते आतून प्लग ठोकून बसवले होते, कारखान्यात बसवतात तसे. त्यामुळे बोर्ड अजून तिथेच आहे आणि पोरं अजून तो पाळतात. ते पुन्हा क्लासला आले नाहीत. डबा मी धुऊन ठेवलाय, झाकणावर आशाबाईंचं नाव कोरलेलं आहे. तो परत द्यायला चिकलठाण्याला जावं लागेल, आणि गेलो तर त्या आत बोलावतील, पाणी देतील, आणि विचारतील, सर, यांचं काय चुकलं?